सकाळची पहिली पाच मिनिटं: जुन्या मारुतीचं थंडीतलं आयडलिंग कसं सुधारायचं

डिसेंबरात निफाडजवळच्या कुंदेवाडीचा पारा सहा-सात अंशांवर घसरला की नाशिकला आमच्या कॉलनीत सकाळी साडेसहाला एक ओळखीचा आवाज सुरू होतो. सेल्फ दोन-तीनदा कण्हतो, गाडी उठते, आयडलिंगला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता उभ्या-उभ्या चालताना, लंगडते आणि बंद पडते. पुन्हा सेल्फ. मग कुणीतरी अॅक्सिलरेटरवर पाय ठेवून तिला जागं ठेवतं, तोवर निम्मी गल्ली जागी झालेली असते. तीच गाडी वीस मिनिटांनी कॉलेज रोडच्या सिग्नलला इतकी शांत उभी असते, की सकाळचा तमाशा हिनेच केला यावर विश्वास बसू नये.

सगळा घोळ इथेच आहे. गाडी गॅरेजला पोहोचते तोवर ती गरम झालेली असते. मिस्त्री बॉनेट उघडतो, कान देतो आणि म्हणतो, "दादा, एकदम ओके आहे की!" तुम्ही फारच मागे लागलात तर तो स्लोचा, म्हणजे आयडलिंगचा वेग ठरवणारा, स्क्रू अर्धा फेरा आत घेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बंद पडत नाही, तुम्ही खूश होता. पण ती आता दिवसभर चढ्या आरपीएमवर घोंघावते, पेट्रोल जास्त पिते, आणि मूळ दोष होता तिथेच असतो.

माझ्या १९९८ च्या मारुती ८०० चे असे दोन हिवाळे गेले. तिला कार्बोरेटर आहे, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग. एका गॅरेजने कार्बोरेटरचं किट दोनदा बदललं, प्लग बदलले, तिसऱ्या खेपेला अख्खा कार्बोरेटरच नवा टाकायला सांगितलं. दोष निघाला एका बोटभर लांबीच्या रबरी नळीत. ती सापडली कारण त्या दिवशी मी इंजिन थंड असताना, टॉर्च घेऊन, चहाच्या आधी बॉनेट उघडलं होतं. थंडीतला दोष थंड इंजिनावरच पकडावा लागतो, आणि रात्रभर थंड झालेलं इंजिन फक्त तुमच्या दारात असतं. तेव्हा निदान तुम्हीच करायचं. दुरुस्ती वाटल्यास मिस्त्रीकडून करून घ्या.

पुढचं सगळं ७९६ सीसीच्या तीन सिलेंडरवाल्या मारुती इंजिनाला धरून लिहिलंय, कारण माझे हात त्यातच काळे झालेत. तेच इंजिन ओम्नीतही आहे. बाकी जुन्या पेट्रोल गाड्यांनाही तत्त्व तेच लागू पडतं, फक्त आकडे आपापल्या मॅन्युअलमधून घ्यायचे.

थंड इंजिनाला नेमकं काय हवं असतं

पेट्रोल जळतं ते वाफेच्या रूपात. गरम इंजिनात एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा हे वजनाचं प्रमाण चालतं. थंड इंजिनात मात्र बरंचसं पेट्रोल इनटेकच्या, म्हणजे मिश्रण आत नेणाऱ्या नळीच्या, गार भिंतींना चिकटून बसतं, त्याची वाफ होतच नाही. म्हणून सुरुवातीला प्रमाणापेक्षा बरंच जास्त पेट्रोल द्यावं लागतं. त्यात ऑइल घट्ट असतं, म्हणजे इंजिनाला स्वतःलाच फिरवायला जास्त जोर लागतो. सेल्फने बॅटरी ओढलेली असते, म्हणजे करंटही थोडा मलूल. तीनही बाजूंनी तंगी असताना कुठूनतरी फुकटची हवा आत शिरली, किंवा एका प्लगचा करंट हुकला, की इंजिन लगेच लंगडतं. गरम झाल्यावर तोच दोष खपून जातो.

हल्ली यात आणखी एक भर पडलीय. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ऊसवाल्यांचं भलं होवो, पण कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, शुद्ध पेट्रोलच्या हिशोबाने पाडलेले आहेत. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, एका भागाला साधारण ९ भाग. म्हणजे त्याच जेटमधून तेवढंच इंधन आलं तरी हवा उरते आणि मिश्रण पातळ पडतं. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, आणि थंड इंजिनाकडे नेमकी तीच नसते. पूर्वी कशीबशी चालून जाणारी गाडी गेल्या दोन-तीन हिवाळ्यांत अचानक कुरकुरायला लागली असेल, तर कारण निम्मं इथे आहे.

आदल्या रात्रीची तयारी

गाडी उघड्यावर, सपाट जागी लावा. बंद शटरच्या आत थंड इंजिन चालवत बसू नका. चोकवर (हवा अडवून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी झडप) चालणारं इंजिन कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडतं, आणि त्याला वास नसतो. टॉर्च, पाण्याची स्प्रेची बाटली, मल्टिमीटर, प्लगचा पाना, फिलर गेज (फट मोजायची पाती) आणि हातभर लांबीची रबरी नळी एवढं हाताशी ठेवा. वही-पेन्सिलही ठेवा. हसू नका, तीन सकाळींच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की दोष आपोआप बोलायला लागतो.

रात्री आणखी एक काम होतं. दिवे मालवून इंजिन चालू ठेवा, प्लगच्या वायरींवर आणि प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा आणि अंधारात बघत राहा. निळ्या ठिणग्या वायरीवरून हेडकडे (इंजिनाच्या वरच्या भागाकडे) उड्या मारताना दिसल्या तर तुमचं अर्धं काम तिथेच झालं. वायर आतून तडकलेली असते आणि सकाळचं दव तिला फितवतं. कोकणात नि गोव्यात हा खेळ पावसाळ्यातही चालतो. चालू इंजिनाजवळ ओढणी, मफलर, स्वेटरची लोंबती बाही नको. फॅन आणि बेल्ट यांना दयामाया नसते.

सकाळी: आधी बघा, मग हात लावा

किल्ली फिरवण्याआधी मल्टिमीटर बॅटरीला लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ च्या खाली असेल तर आधी तिचं बघा. सेल्फ मारताना कुणाला तरी आकडा वाचायला सांगा. तो १० च्या खाली कोसळत असेल तर ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला पुरेसा करंट मिळत नाही, आणि तुम्ही उगाच कार्बोरेटरवर संशय घेत बसाल. गाडी सुरू झाल्यावर आकडा १३.८ ते १४.४ मध्ये यायला हवा.

आता गाडी सुरू करा आणि सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर तळहात धरा. धूर कोणत्या रंगाचा, वास कसला, फटकारे एकसारखे येतात की मधे एखादा हुकतो, हे टिपा. तीन सिलेंडरचं इंजिन मुळातच थोडं थरथरतं, तो त्याचा स्वभाव आहे. हातावर येणारी हवा एका लयीत असेल आणि तरी स्टिअरिंग नि आरसा थडथडत असेल, तर इंजिन ठीक आहे, त्याची माउंटिंग रबरं कडक झालीत. ती बदला आणि हा लेख इथेच सोडा. लय मोडत असेल, मधेच "फट्" होऊन एक ठोका गायब होत असेल, तर ते मिसिंग. मग पुढे वाचा.

काळा धूर आणि पेट्रोलचा उग्र वास म्हणजे पेट्रोल जास्त. धूर नाही, वास नाही, रेस दिली की "फुस्स" करून कार्बोरेटरमधून उलटी शिंक येते, म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. पहिल्या अर्ध्या मिनिटात निळा धूर येऊन थांबला, तर वॉल्व सीलमधून रात्रभर ऑइल ठिबकून प्लगवर बसलंय. पांढरा धूर थंडीत सगळ्यांच्याच गाडीला येतो, ती नुसती वाफ. पण तो दाट असेल, लवकर थांबत नसेल आणि कूलंटची पातळी आठवड्यागणिक उतरत असेल, तर हेड गॅसकेटचा संशय घ्या आणि गाडी दामटू नका.

लंगडणारं सिलेंडर कोणतं हे शोधायची माझी आवडती युक्ती आजोबांच्या वयाच्या एका फिटरने शिकवली. सुरू करून चाळीस-पन्नास सेकंद झाली की एक्झॉस्टच्या तिन्ही फाट्यांवर, हेडला अगदी लागून, बोटाने पाण्याचा एकेक थेंब टाकायचा. दोन थेंब चर्र करून उडतात, तिसरा नुसता ओघळतो. तोच आजारी सिलेंडर. उशीर केलात तर शेजारच्या फाट्यांची धग लागून तिसराही तापतो आणि उत्तर हरवतं. थेंबच टाका, तांब्या ओतू नका. तापलेलं बिड तडकतं. काही गाड्यांत फाट्यांवर पत्रा असतो, तो आदल्या दिवशी काढून ठेवावा लागतो.

मग लगेच इंजिन बंद करून त्या सिलेंडरचा प्लग काढा. पेट्रोलने ओला असेल तर करंट मिळत नाही. कोरडा नि पांढराफटक असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. काजळी मखमलीसारखी असेल तर पेट्रोल जास्त, चिकट काळी असेल तर ऑइल. प्लगची गॅप पॉइंटवाल्या (डिस्ट्रिब्युटरमध्ये करंट तोडणारे संपर्क असलेल्या) जुन्या गाडीत साधारण ०.७ ते ०.८ मिमी आणि एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या, गाडीत १ ते १.१ मिमी असते. शंका आली तर आजारी प्लग शेजारच्या सिलेंडरशी अदलाबदल करून बघा. दुसऱ्या सकाळी लंगडेपण प्लगबरोबर सरकलं तर प्लग दोषी, जागेवरच राहिलं तर वायर, टोपी किंवा खुद्द सिलेंडर. वायरीचा रेझिस्टन्स मीटरभर लांबीला साधारण १० ते २० किलोओहम असावा. एकाच वायरीचा आकडा बाकीच्यांपेक्षा कितीतरी वर गेला असेल तर सगळा सेटच बदला. पॉइंट असलेल्या गाडीत गॅप ०.४ ते ०.५ मिमी ठेवा, आणि पॉइंटवर खड्डा-टेकडी झाली असेल तर पॉलिश पेपर घासत बसण्यापेक्षा नवा टाका.

तिन्ही सिलेंडर सारखीच कुरकुरत असतील, तर करंटचा नाद सोडून मिश्रणाकडे वळा.

चोक: असतो, पण चालतो का?

डॅशबोर्डखालचं चोकचं बटण ओढायची सवयच लोकांची सुटलीय. बटण ओढलं जातं, पण पलीकडच्या टोकाला काही घडतं का हे कुणी बघत नाही. एअर क्लिनरचं झाकण काढा, कुणालातरी बटण पूर्ण ओढायला सांगा आणि वरून बघा. कार्बोरेटरच्या तोंडावरची पितळी झडप पूर्ण मिटली पाहिजे. जुन्या केबलला ढिलाई येते आणि पाऊण ओढल्यासारखी झडप अर्धवट उभी राहते. केबलचा स्क्रू सैल करून तार ओढून घेतली की झालं. झडपेच्या दांडीवर धूळ नि डिंक साचलेला असेल तर क्लिनर मारून ती हाताने सहज हलेपर्यंत साफ करा. तिथे ऑइल घालू नका, त्यावर आणखी धूळ बसते.

झडप मिटताना दुसरीही एक गोष्ट व्हायला हवी: थ्रॉटल, म्हणजे अॅक्सिलरेटरने उघडणारी झडप, किंचित उघडला पाहिजे. चोकची दांडी एका कॅमवरून थ्रॉटलला ढकलते, म्हणून थंड इंजिन चढ्या आरपीएमला धावतं. हा दुवा गंजून अडकला किंवा कुणी जोडायचाच विसरला, तर पेट्रोल भरपूर नि हवा तुटपुंजी अशी गत होते. गाडी काळा धूर सोडत घुसमटते.

तिसरी गोष्ट फारच कमी लोक तपासतात. गाडी सुरू झाल्या क्षणी चोकची झडप स्वतःहून दोन-चार मिलिमीटर उघडली पाहिजे. एक छोटा डायफ्राम (लवचीक पडदा) इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढण्याच्या जोरावर, तिला मागे ओढतो. तो फाटला असेल तर गाडी पहिल्या सेल्फला उठते आणि पाच सेकंदांत स्वतःच्याच पेट्रोलमध्ये बुडून बंद पडते. पारखायला सोपं आहे. डायफ्रामची नळी काढून तोंडाने ओढा, दांडी आत गेली पाहिजे आणि नळीवर जीभ दाबून ठेवली तर तिथेच राहिली पाहिजे.

चोक वापरायचा कसा तेही सांगून टाकतो. पूर्ण ओढा, अॅक्सिलरेटरला पाय लावू नका, सेल्फ मारा. वीस-तीस सेकंदांनी अर्धा आत, रस्त्यावर पहिल्या किलोमीटरभरात पूर्ण आत. आमचे शेजारी काका चोक ओढून थेट सिन्नरला जाऊन आले होते. परत आल्यावर तक्रार काय, तर गाडी अॅव्हरेज देत नाही.

चोकवर गाडी छान चालते पण तो आत ढकलला की गरम असतानाही बंद पडते, असं असेल तर चोकचा दोष नाही, आयडलिंगचं पेट्रोल देणारा स्लो जेट तुंबलाय. किल्ली ऑन करून कार्बोरेटरवरच्या सोलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपेचा) "टिक" आवाज येतो का ऐका. आवाज नसेल तर त्याची वायर बघा. आवाज आला तर जेट काढून क्लिनर आणि हवेच्या दाबाने साफ करा. त्यात तार घालू नका, भोक एवढंसं मोठं झालं तरी आयुष्यभर मिश्रण बिघडतं.

फुकटची हवा

आता माझ्या त्या नळीकडे येतो. मेकॅनिकच्या भाषेत गाडी एअर घेते, म्हणजे कार्बोरेटरला चुकवून भलतीकडून हवा इनटेकमध्ये शिरते. जुनं रबर थंडीत आकसतं, कडक होतं, त्याची भेग उघडते. इंजिन तापलं की रबर मऊ पडतं, फुगतं, भेग मिटते. दोष सकाळी हजर नि दुपारी गैरहजर का, याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

इंजिन थंड आणि चालू असताना रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं टोक कार्बोरेटरचा पाया, इनटेकचे जोड, डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी, पीसीव्हीची (इंजिनातल्या वाफा परत इनटेकमध्ये नेणारी) नळी, ब्रेकला बूस्टर असेल तर त्याचा पाइप, या सगळ्यांवरून सावकाश फिरवा. गळती असेल तिथे सुसकारा ऐकू येतो. मग त्याच जागी पाण्याचा बारीक फवारा मारा. पाण्याने भेग क्षणभर बुजते आणि इंजिनाचा सूर बदलतो. यूट्यूबवर लोक इथे कार्ब क्लिनर मारताना दिसतात. तो भडकतो आणि शेजारीच एक्झॉस्ट असतो. पाणी पुरतं.

माझ्या गाडीत डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी वरून अगदी ठणठणीत दिसत होती. फवारा खालच्या अंगाला गेला आणि इंजिन एकदम सुतासारखं सरळ चालायला लागलं, दोन सेकंदं. पुन्हा मारला, पुन्हा दोन सेकंदं. नळी काढून उलटी वाकवली तर खालच्या बाजूला नखाएवढी भेग. दोन हिवाळे, एक नवाकोरा प्लगचा सेट, दोन किटं, आणि उत्तर शंभर रुपयांच्याही आतलं. नवी नळी घेताना इथेनॉल झेलणारी, इंधनासाठीची म्हणून मिळते तीच घ्या. कार्बोरेटरच्या पायातलं जाड पॅकिंग वाकलं असेल तर नट अंदाधुंद आवळू नका, पाया आणखी वाकतो. पॅकिंग बदला आणि नट थोडे थोडे, आलटून पालटून आवळा.

थर्मोस्टॅट आहे का, ते तरी बघा

आपल्याकडचा हा खास रोग. कधीतरी मे महिन्यात गाडी तापते, कुणीतरी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकतं आणि सांगतं, "आपल्या हवेत याची गरजच नाही." गाडी उन्हाळ्यात तापायची थांबते. हिवाळ्यात मात्र पाणी पहिल्या सेकंदापासून रेडिएटरमधून फिरत राहतं आणि इंजिनाला ऊब धरू देत नाही. पाच मिनिटांत संपायला हवा तो थंडीतला त्रास पंचवीस मिनिटं चालतो. ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं, सिलेंडर झिजतात. मूळ तापण्याचं कारण बहुतेकदा तुंबलेला रेडिएटर असतं, आणि तो तसाच राहतो.

तपासायला हात पुरे. थंड गाडी सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा. थर्मोस्टॅट जागेवर आणि ठीक असेल तर होज बरीच मिनिटं गार राहतो आणि मग अचानक कढत होतो. सुरू केल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडाच अडकलाय. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी घेऊन, दोऱ्याने लोंबता ठेवून तापवा. ८२ अंशांच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी निवताना पूर्ण मिटला पाहिजे. पातेलं स्वयंपाकघरातलं घेऊ नका. मी घेतलं होतं.

ऑइलचंही इथेच सांगतो. जुनी गाडी म्हणून सर्रास घट्ट २०डब्ल्यू-५० ऑइल ओततात. थंडीत ते मधासारखं फिरतं आणि आयडलिंग खाली ओढतं. इंजिन ऑइल पीत नसेल तर मॅन्युअलमधल्या पातळ ग्रेडवर या.

टॅपेट

इतकं सगळं करूनही एकच सिलेंडर फक्त थंडीत लंगडत असेल, तर टॅपेटची गॅप, म्हणजे वॉल्वची दांडी आणि तिला दाबणारा भाग यांच्यातली फट, मोजा. या इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं आहे. तापल्यावर ते वॉल्वच्या दांडीपेक्षा जास्त वाढतं, म्हणून गरम इंजिनात गॅप वाढते. थंड आणि गरम इंजिनाचे आकडे मॅन्युअलमध्ये वेगळे दिलेले असतात ते याचसाठी. टॅपेट टाइट झाला असेल तर थंडीत वॉल्व नीट बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. तापलं की गॅप मोकळी होते आणि सगळं आलबेल. लोकांना कटकट आवाज करणारे सैल टॅपेट ऐकू येतात. टाइट टॅपेट गुपचूप वॉल्व जाळतो. सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या जुन्या गाडीत वॉल्वची सीट झिजून हे हमखास होतं.

गॅप रात्रभर उभ्या इंजिनावर मोजा, थंडीचा आकडा वापरा. फिलर गेजचं पातं लोण्यातून सुरी जाते तसं नाही, थोडं घासत गेलं पाहिजे. गॅप बरोबर असूनही सिलेंडर कमजोर असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. एकूण आकड्यापेक्षा सिलेंडरांमधला फरक बघा. दाबात १ किलोपेक्षा (दर चौरस सेंटिमीटरला) जास्त तफावत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्यात, हलला नाही तर वॉल्व. या दोन्हीला घरगुती इलाज नाही.

एमपीएफआय असेल तर

२००० च्या सुमाराला आलेल्या इंजेक्शनवाल्या ८०० मध्ये, आल्टोत, झेनमध्ये चोकचं बटण नाही. चोकचं काम ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) करतो, आणि ते पाण्याच्या टेंपरेचर सेन्सरवर विसंबून. सेन्सर खोटं बोलून "इंजिन गरम आहे" म्हणाला, तर ईसीयू जादा पेट्रोल देतच नाही. त्याच्या वायरीचा प्लग काढून थंड इंजिनात रेझिस्टन्स मोजा. २० अंशांना साधारण २.२ ते २.७ किलोओहम, ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास. मीटरचा काटा हलवणारा सेन्सर वेगळा असतो, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

दुसरा संशयित थ्रॉटल बॉडीतली काजळी आणि आयडल कंट्रोल वॉल्व. थंडीत हा वॉल्व जास्त हवा देऊन आरपीएम बाराशे-पंधराशेला नेतो नि इंजिन तापलं की नऊशेच्या आसपास उतरवतो. काजळीने अडकला की सकाळी आरपीएम चढतच नाही. थ्रॉटल बॉडी क्लिनर, जुना टूथब्रश आणि अर्धा तास. बहुतेक वेळा इतक्यावर भागतं. हवेची गळती इथेही बघाच. गरम झाल्यावर ऑक्सिजन सेन्सर जागा होतो आणि ईसीयू गळती भरून काढतो. थंडीत सेन्सर झोपलेला असतो, म्हणून गळती उघडी पडते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेली गाडी मिसिंग करत फार वेळ चालवू नका, न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन पेटतं आणि तो वितळतो.

गॅसकिट बसवलेल्या गाडीत पेट्रोलची बाजू उपाशी राहते. सकाळी दोन मिनिटं पेट्रोल, मग दिवसभर सीएनजी. टाकीतलं पेट्रोल महिनोनमहिने शिळं होतं, जेट नि इंजेक्टर चिकटतात. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर पेट्रोलवर चालवा, आणि गॅस हवेत मिसळणारा मिक्सर बसवताना कापलेल्या नळ्यांचे जोड आधी तपासा.

स्क्रूला हात सगळ्यात शेवटी

वरचं सगळं ठाकठीक झाल्यावरच मिश्रणाचा स्क्रू. तो फिरवण्याआधी, आत पूर्ण बसेपर्यंत किती फेरे लागतात ते मोजून वहीत लिहा आणि पुन्हा तेवढाच बाहेर काढा. आत बसवताना जोर नको, टोक चेपतं. मग गाडी दहा-बारा किलोमीटर फिरवून पूर्ण गरम करा, दिवे-पंखा बंद ठेवा. स्लोच्या स्क्रूने आरपीएम नऊशेच्या आसपास आणा. मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत सगळ्यात चढा, सगळ्यात गुळगुळीत सूर शोधा. आरपीएम वर गेला असेल तर स्लोने पुन्हा खाली आणा. दोन-तीन आवर्तनांत जागा सापडते. तिथून पाव फेरा बाहेर, म्हणजे किंचित पेट्रोल जास्त. इथेनॉलमुळे मी हे हल्ली मुद्दाम करतो.

एअर क्लिनरच्या तोंडाशी हिवाळा-उन्हाळ्याची झडप असलेल्या गाडीत ती हिवाळ्याकडे फिरवा. मग इंजिनाला एक्झॉस्टजवळची गरम हवा मिळते.

शेवटी पीयूसी सेंटरला जा. ती चिठ्ठी आपण काचेवर किंवा मोबाइलमध्ये ठेवून विसरतो, पण एवढ्या स्वस्तात कुणी तुमच्या इंजिनाचं रक्त तपासून देत नाही. जुन्या, बीएस-२ (भारत स्टेज-२) या धुराच्या नियमांच्या आधीच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. पास झालो म्हणून खिशात घालू नका, आकडे वाचा. कार्बन मोनॉक्साइड एक-दोन टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन काही शेकड्यांत असेल तर स्क्रू जागेवर आहे. कार्बन मोनॉक्साइड तीनच्या अगदी काठावर असेल तर पेट्रोल जास्त झालंय, पाव फेरा आत घ्या. कार्बन मोनॉक्साइड जवळपास शून्य आणि हायड्रोकार्बन हजाराच्या वर, म्हणजे एखादा ठोका अजून हुकतोय. पुन्हा नळ्या आणि वायरींकडे जा. चिठ्ठीवर तारीख असतेच, मागे स्क्रूचे फेरे लिहा आणि वहीत चिकटवा. रात्री गाडी उघड्यावर लावा, साडेसहाला उठून सायलेन्सरपाशी तळहात धरा.